बारा नंबरची लाल चिंधी

जालन्यात लोक मला इंजिनेर म्हणायचे. कंपनीच्या हजेरीपटावर मी फिटर होतो, आणि पगार हातात पडला की आपण नेमके कोण हे माझं मलाच कळेनासं व्हायचं. बसच्या धंद्यात मान ड्रायव्हरला, ओळखीपाळखी कंडक्टरच्या आणि काळे हात फिटरचे, अशी वाटणी होती. गावोगावच्या फाट्यांवर ड्रायव्हरसाठी चहा तयार असे. गाडीखाली पाठीवर पडून राहिलेल्या माणसाला चहा द्यायचा तर आधी वाकावं लागतं, आणि तेवढी तसदी कोण घेतो? माझी सोयरीक झाली तेव्हा मध्यस्थानं 'मुलगा मोटारीवर आहे' एवढंच सांगितलं होतं. सासरे ड्रायव्हर समजून खूश झाले. लग्नानंतर पहिल्यांदा निवांत बसले, माझ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमी गाडी चालवता का गाडी तुमच्यावरून चालती?"

पान्हे आमचे आम्हीच घ्यायचे. हात धुवायला साबण नसे, चुलीतली राख आणि थोडं रॉकेल यावर भागवायचं. बढती कधी मिळते असं एकदा विचारलं, तर जागा रिकामी झाली की, असं उत्तर आलं. म्हणजे वरचा माणूस मरावा लागे किंवा माझ्यासारखाच कंटाळून जावा लागे. पगार कमी म्हणून चांगले हात टिकत नसत. एखादा शिकून तयार झाला की जिनिंगच्या मालकाकडे जायचा, तिथं इंजिन एका जागी उभं असतं आणि त्यात माणसं बसलेली नसतात. मी का राहिलो? इतकी वर्षं झाली, मला सांगता येत नाही. एखादी गाडी तीन दिवस रुसून बसली आणि चौथ्या दिवशी हँडलच्या पहिल्या फेऱ्यात उठली की अंगावर मूठभर मांस चढायचं. बायको म्हणायची, मांस चढलं म्हणता मग सदरा ढिला का होतोय?

या अंकासाठी मला मोटारींच्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. पण त्यांतली एक गोष्ट गंमत आहे की दुसरं काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता सत्तरी उलटली, म्हणून तीच सांगून टाकतो.

पोलीस ॲक्शननंतर मी हस्तीमल शेठकडे लागलो. शेठ मूळचे मारवाडातले, पण जालन्यात त्यांची तिसरी पिढी. बाजारात कापडाचं मोठं दुकान आणि सोबतीला तीन बसगाड्या. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण ते गाडीवर हात फिरवून बघायचे, ठाणावरच्या कापडावर फिरवावा तसा. त्यांचा ड्रायव्हर होता उस्मानभाई. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, उंच, बोलायला कमी. गाडी काढण्याआधी तो डावीकडून एक चक्कर मारायचा, चारी चाकांना हात लावायचा, मग बिस्मिल्ला म्हणून वर चढायचा. मोटारीचं काम मी तशा अर्थानं त्याच्याकडूनच शिकलो.

सामान तेव्हाही मिळत नव्हतं. पंपाचे वॉशर आम्ही चांभाराकडून चामड्याचे कापून घ्यायचो. एकदा तीर्थपुरीचा बाजार करून येताना पेट्रोलची टाकी गळायला लागली. अशा वेळी ओला साबण मळून भोकावर थापला की काम भागतं. पण साबण आणायचा कुठून? बाजारातून परतणाऱ्या एका बाईच्या पिशवीत नवी कोरी वडी होती. उस्मानभाईनं हात जोडून ती मागितली. बाईनं दिली, पण जालन्याला उतरल्यावर हलेना. "माही साबनाची वडी द्या," म्हणाली. मी टाकीखाली बोट दाखवलं. ती वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या मंग. पन पुढल्या बाजारी मी तिकीट काढनार न्हाई." तिनं खरंच काढलं नाही, आणि शेठनी हे ऐकून कंडक्टरला बजावलं की तिला विचारायचंसुद्धा नाही.

आता उसनवारीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. घरात साखर संपली की शेजारून वाटी आणतात, तसं एका गाडीचा भाग बिघडला आणि नवा मिळेना, की दुसरी गाडी कशासाठी तरी उभीच असते, तिचा काढून हिला लावायचा. हिची फेरी होते. तिची वेळ आली की तिला तिसरीचा. हे सगळीकडे चालतं, आणि सगळेच नाही म्हणतात. यात धोका एकच. कुठल्या गाडीतून काय काढलं आहे ते ध्यानात राहिलं पाहिजे. एकदा मी विसरलो आणि उस्मानभाईनं पाण्याचा पंप काढलेली गाडी बाजारपेठेपर्यंत नेली. इंजिन तापून धूर निघाला. शेठ रागावले नाहीत. दुकानात नेऊन त्यांनी लाल खारव्याच्या, म्हणजे जाड्याभरड्या कापडाच्या, ठाणाची कड टरकन फाडली आणि माझ्या हातात दिली.

"अरे भाई, जिच्या अंगातलं काढलं, तिच्या स्टेरिंगला ही बांध. तू विसरशील, चिंधी विसरणार नाही."

तेव्हापासून तो आमचा कायदा झाला. स्टेरिंगला लाल चिंधी असली की त्या गाडीत काहीतरी नाही, तिला हात लावायचा नाही. भाग परत बसवला की ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची.

पुढं शेठच्या गाड्या एका मोठ्या कंपनीनं घेतल्या. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती नाही आणि तिची माणसंही फारशी उरलेली नाहीत. गाड्यांबरोबर मी आणि उस्मानभाईही गेलो. आता वर्कशॉप होतं, फोरमनसाहेब होते, भिंतीवर इंग्रजीत नियम होते. त्यातला एक नियम असा की एका गाडीचा भाग दुसरीला लावण्यास सक्त मनाई. आणि सामानाचा कागद वर पाठवला की सहा सहा महिने उत्तर नाही. सकाळी इतक्या गाड्या रस्त्यावर पाहिजेत म्हणजे पाहिजेत, असा वरचा हुकूम. फोरमनसाहेब वाईट माणूस नव्हता. मनाईचा नियम वाचून दाखवायचे आणि त्याच तोंडानं म्हणायचे, "किसन, तिचं काढ, हिला लाव." मी विचारलं, साहेब, लिहू कुठं? ते म्हणाले, "लिहायचं नाही. जे करायचंच नाही ते लिहिणार कसं?" मला ते तेव्हाही नीट समजलं नाही. मी चिंधी बांधत राहिलो. कागदावर सगळ्या गाड्या धडधाकट होत्या आणि खरं काय ते फक्त चिंध्यांना ठाऊक होतं.

उस्मानभाई त्या चिंधीपुढं कुणाचं ऐकत नसे. एकदा साहेबांनी स्वतः चिंधीवाली गाडी काढायला सांगितलं, काही होत नाही, फक्त हॉर्न काढलाय म्हणाले. उस्मानभाई खाली उभाच राहिला. "साहब, चिंधी हाय ना? मंग बात खतम. किसनला बोलवा, त्यो सोडंल तर जातो." अर्धा तास गाडी अडली, पण तो चढला नाही.

आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या वर्षीची ही गोष्ट. दसरा दोन दिवसांवर आला होता. सात नंबरच्या गाडीचे मागचे ब्रेक गेले. ब्रेकचं काम सोपं असतं. पायानं दाबलं की नळीतलं तेल चारी चाकांकडे पळतं. प्रत्येक चाकापाशी एक छोटी डबी असते, तेलाच्या जोरानं तिच्यातला दट्ट्या पुढं येतो आणि चाक आवळलं जातं. सातच्या मागच्या दोन्ही डब्या खलास झाल्या होत्या. बारा नंबरची गाडी स्प्रिंगचा पाटा तुटून उभी होती. साहेब म्हणाले, बाराच्या काढ. मी काढल्या. तेल गळू नये म्हणून बाराच्या मागच्या दोन्ही नळ्या ठोकून बंद केल्या, म्हणजे गाडी अंगणात ढकलायला तरी पुढचे ब्रेक राहतील. आणि स्टेरिंगला चिंधी बांधली. इथपर्यंत मला सगळं लख्ख आठवतं. डाव्या बाजूला, दुहेरी गाठ.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. पान्हे धुऊन मांडले, गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा, नारळ, कुंकू. हस्तीमल शेठचा गाड्यांवरचा जीव अजून गेला नव्हता. दरवर्षी खंडेनवमीला ते आठवणीनं लाल खारवा पाठवायचे. त्याच्या पट्ट्या फाडून पूजेचं कापड म्हणून प्रत्येक गाडीच्या स्टेरिंगला बांधायच्या, हा मान माझा. तोच खारवा, तोच रंग, तीच रुंदी. इतकी वर्षं हे चालत आलं होतं आणि यात काही घोळ होऊ शकतो असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कारण शेठच्या वेळी गाड्या तीनच होत्या, आणि चिंधीवाली असली तर ती सगळ्यांना तोंडपाठ असे. कंपनीत आता त्या चौदा झाल्या होत्या.

मी पट्ट्या बांधत एकेक गाडी करत बाराजवळ आलो. आणि इथून पुढं माझ्या डोक्यात धुकं आहे. एकदा आठवतं की मी दरवाजा उघडला, आतल्या चिंधीशेजारी पूजेची पट्टी बांधली आणि पुढं गेलो. एकदा आठवतं की दरवाजा उघडला, स्टेरिंगला लाल कापड दिसलं, म्हटलं हिचं झालं, आणि तेरा नंबरकडे गेलो. दोन्ही आठवणी सारख्याच खऱ्या वाटतात. दोन्हींत झेंडूचा वास येतो.

त्याच दिवशी दुपारी पाट्याचं काम करणारा गणपत साहेबांना म्हणाला, "बाराचा पाटा बसला." साहेबांना दसऱ्याच्या गर्दीसाठी गाडी हवीच होती. त्यांनी यादीत बारा लिहिली. डब्या काढायला आपणच सांगितलं होतं हे ते विसरले. मी प्रसाद खाऊन घरी गेलो. कुणीच खोटं बोललं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी उस्मानभाईनं बारा नंबर काढली, भोकरदनच्या फेरीला. त्यानं चक्कर मारली असणार, चाकांना हात लावले असणार, फाटकाशी ब्रेक दाबून बघितला असणार. रिकामी गाडी, सावकाश वेग, पुढच्या ब्रेकांवर ती नीट उभी राहिली. मग भरगच्च माणसं घेऊन, टपावर बोचकी घेऊन, ती केदारखेड्याच्या अलीकडच्या उतारावर नदीकडे निघाली आणि उस्मानभाईनं ब्रेकवर पाय दिला तरी थांबेना. खाली फरशीच्या बुटक्या पुलावर पाणी होतं आणि समोरून बैलगाड्या येत होत्या. त्यानं गियर पाडले, हॉर्न दाबून धरला आणि गाडी सरळ कपाशीच्या शेतात घातली. काळ्या मातीत चाकं रुतली आणि गाडी कलंडता कलंडता थांबली. एका म्हाताऱ्याचा हात मोडला. पाच-सात जणांना खरचटलं. बाकीची माणसं शेतात बसून रडली आणि मग उस्मानभाईच्या पाया पडली.

गाडी ओढून आणली. वरचे साहेब चौकशीला यायला चार दिवस लागले. त्याआधीच, गाडी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, फोरमन मला म्हणाले, "किसन, बाराच्या डब्या बाराला परत लाव." मी सातच्या काढल्या, बाराला लावल्या, नव्या नळ्या घातल्या. हे करताना आपण काय करतोय हे मला कळत होतं का? लोकांना वाटेल, कळत होतंच. मला आठवतंय ते एवढंच की माझे हात सवयीनं चालले होते आणि मोडलेली गाडी नीट करतोय असंच मनात होतं. काम झाल्यावर सातच्या स्टेरिंगला चिंधी बांधली, तेव्हा कुठं आपण काय केलं ते कळलं.

चौकशीवाल्या साहेबांना बाराचे ब्रेक पूर्ण मिळाले. कागदावरही पूर्ण. मग चूक कुणाची? उतारावर गाडी जोरात नेली, ड्रायव्हरची. उस्मानभाईला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहब, ब्रेक न्हवता." साहेबांनी ब्रेक दाबून दाखवला. उस्मानभाईनं माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभा होतो. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त गोंधळला होता, घरातली ओळखीची वस्तू जागेवर नसली की माणूस गोंधळतो तसा. आपण तो उतार खरंच जोरात उतरलो की काय, असं त्यालाच वाटायला लागलं असावं.

मग माझी जबानी. ती इंग्रजीत आधीच लिहून ठेवलेली होती. मला इंग्रजी येत नव्हतं. फोरमन हळूच म्हणाले, "तुझ्यावर काही येत नाही. सही कर." आत काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि मग सही करता आली नसती. घरी बायकोला, कावेरीला, सातवा महिना होता. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा असं होतं एवढंच सांगतो. मी सही केली. उस्मानभाईची नोकरी गेली, लायसन गेलं. पुढच्या वर्षी वरचा माणूस कंटाळून गेला आणि मला बढती मिळाली.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी त्याच्या भेटीला गेलो नाही. तो बदनापूरला स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान घालून बसलाय असं ऐकत होतो. मी आगगाडीनं जायचो तेव्हा बदनापूर आलं की पलीकडच्या खिडकीला बसायचो. शेवटी एका दिवशी उतरलोच. ज्या हातांनी सबंध बस वळवली ते हात एका पोराच्या सायकलचं पंक्चर पाण्याच्या घमेल्यात शोधत होते. मला बघून तो उठला, खांद्यावरच्या कापडाला हात पुसले आणि स्टुल पुढं केलं.

"या मिस्त्री. चहा सांगतो."

त्यानं चहा सांगितला. मी कप खाली ठेवला. जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते मी एका दमात विचारलं. "उस्मानभाई, त्या दिवशी बाराच्या स्टेरिंगला चिंध्या किती होत्या? एक का दोन?"

एक असेल तर ती माझीच धोक्याची चिंधी आणि मी स्वतः तिला पूजेची समजून पुढं गेलो. मग त्याला कळायला काही मार्गच नव्हता, दसऱ्याच्या दिवशी सगळ्याच गाड्यांना एकेक लाल कापड होतं. दोन असतील तर मी माझं काम केलं होतं, आणि बघायचं त्यानं चुकवलं होतं. त्यालाही हे कळलं. त्यानं घमेल्यातली ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली.

"दोन व्हत्या," तो म्हणाला. "मला दिसल्या व्हत्या. जल्दीत व्हतो, ध्यान दिलं न्हाई. तुझी बराबर व्हती, किसन. आता मनातून काढून टाक बिलकुल."

मी रडलो. त्यानं पाठीवर हात ठेवला. स्टेशनवर पोचवायला आला. गाडी हलली तेव्हा हात वर करून उभा होता. जालन्यापर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं की उतरल्यावर मी घरी पेढे घेऊन गेलो.

कावेरी भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. उस्मानभाईला ती चांगली ओळखत होती, आमच्या थोरल्याच्या बारशाला त्याच्या घरून खीर आली होती, नोकरी गेल्यानंतर. तिनं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"अहो," ती म्हणाली, "एक चिंधी असली तरी जो मानूस साहेबाचं आयकत नव्हता, खाली हुबा राहत व्हता, त्यो दोन चिंध्या बघून दसऱ्याच्या दिशी भरली गाडी घिऊन जाईल व्हय?"

तिनं भाकरी उलटली. पेढ्यांची पुडी चुलीजवळ तशीच राहिली आणि सकाळी मुंग्या लागल्या म्हणून टाकून दिली.

ती म्हणते तेच खरं असावं. किंवा नसेलही, गर्दीत, घाईत, सणाच्या दिवशी, कुणाचंही लक्ष चुकतं. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. उस्मानभाई त्यानंतर आठ-दहा वर्षं जगला. मी निवृत्त झालो, गाड्या बदलल्या, डब्या आता पेटीबंद येतात आणि दुकानात मागितल्या की मिळतात. खंडेनवमीला घरातले पान्हे अजून मांडतो, पण लाल कापड बांधत नाही.

बदनापूरला मात्र मी पुन्हा उतरलो नाही. उतरलो असतो तर मी परत तेच विचारलं असतं, आणि माझ्यासाठी त्याला परत एकदा खोटं बोलावं लागलं असतं.